इलारियाचं खरं कारण

रस्ता रोको आहे असं कळलं तेव्हा गाडीतले सगळे वैतागले. एकट्या इलारियाला हायसं वाटलं.

हे तिनं कुणाला कळू दिलं नाही. इतरांसारखंच तिनंही कपाळाला हात लावला, आणि मग खिडकीच्या काचेला डोकं टेकून डोळे मिटून घेतले. पुढं वळणावर मोठाले दगड रस्त्यात आणून टाकले होते, निलगिरीचा एक ओंडका आडवा पाडला होता, आणि कडेला जुनी टायरं धुमसत होती. खालच्या गावाला विहीर खणून देतो असं कबूल करून कुणी फिरकलं नव्हतं, म्हणून सगळं गाव बायकापोरांसकट रस्त्यावर उतरलं होतं. आमच्या डोंगराळ मुलखात ही काही नवलाई नाही. रस्ता बंद केल्याशिवाय वरच्यांना ऐकू येत नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

इलारिया आमच्या कोरीपात्याची सुईण. माझी दोन्ही मुलं तिच्याच हातावर आली. उंचीनं ठेंगणी, हातांची रुंद, आणि कामाला लागली की तोंडानं सतत पुटपुटणारी. त्या दिवशी ती निघाली होती डोंगरापलीकडच्या तिपाकासाला. तिथं तिची थोरली बहीण गुमेरसिंदा शेवटच्या घटका मोजत होती. पहाटेच भाचीचा, सेनोबियाचा, फोन आला होता.

"मावशी, आई तुला विचारतेय," सेनोबिया म्हणाली होती. "आज ये. उद्यावर टाकू नकोस."

ते शेवटचं वाक्य सहज आलेलं नव्हतं. दोघी बहिणींची आई म्हातारपणी गुमेरसिंदाकडेच होती. अंथरुणाला खिळली, तेव्हा इलारियाला निरोपावर निरोप यायचे. इलारिया म्हणायची, येते, या आठवड्यात येते. पण दर वेळी कुणीतरी अडलेली असायची. ते खोटं नव्हतं. बायका खरोखरच अडायच्या, आणि दुसरी सुईण जवळपास नव्हती. पण दोन बाळंतपणांच्या मधे रिकामे दिवसही असायचे, आणि ते इलारियानं बटाट्याच्या शेतात नाहीतर बाजारात घालवले. मरणाऱ्या माणसाजवळ बसणं तिला जमत नसे. बाळंतिणीपाशी हातांना काम असतं. मरणाऱ्याच्या उशाशी हात नुसते मांडीवर पडून राहतात, आणि तो आपल्याकडे बघत असतो.

आई गेल्यावर ती पोचली ती थेट मातीला. गुमेरसिंदा सगळ्यांदेखत म्हणाली, "साऱ्या मुलखाच्या बाया सोडवतेस तू. आईच्या उशाशी बसायला तेवढी तुला सवड नव्हती." त्यानंतर दोघी एकमेकींच्या घरी गेल्या नाहीत. एकदा जत्रेत समोरासमोर आल्या, तर इलारिया मडक्यांच्या दुकानामागे वळली होती. इतकी वर्षं असंच चाललं होतं.

आणि आता तीच बहीण तिला विचारत होती. कशासाठी विचारत असेल, हे इलारिया पहाटेपासून मनात घोळवत होती. बोल लावायला, की माफ करायला. दोन्हींची तिला सारखीच धास्ती होती. म्हणून घरातल्या गिनीपिगांना गवत घालायचं निमित्त करून तिनं पहिली गाडी जाऊ दिली, आणि मग निकानोरच्या छोट्या बसमध्ये चढली.

बस थांबल्यावर थोड्याच वेळात उतारू खाली उतरले. ज्यांना घाई होती त्यांनी गाठोडी पाठीला बांधली आणि दगडांमधून वाट काढत पलीकडे चालू लागले. पलीकडच्या बाजूला तिपाकासाकडून आलेले ट्रक अडकले होते. ते परत फिरताना माणसं भरून नेत होते. गुमेरसिंदाचा एक चुलत दीरही गाडीत होता, आतानासियो नावाचा. तो इलारियाला म्हणाला, चला ताई, अर्ध्या तासाची चाल आहे, मी गाठोडं घेतो. इलारिया म्हणाली, तुम्ही व्हा पुढं, माझा गुडघा धरलाय.

तिचे गुडघे ठणठणीत होते. गेल्याच आठवड्यात ती डोंगर चढून एका बाळंतिणीकडे गेली होती.

आतानासियो गेला. मग रस्ता अडवणाऱ्यांचा पुढारी, कासियानो, गाडीपाशी आला. गालात कोकाच्या पानांचा गोळा, हातात काठी, पण बोलायला मऊ माणूस. कुणी आजारी आहे का, कुणाला फार निकड आहे का, असं त्यानं विचारलं. निकानोरनं इलारियाकडे बोट केलं. यांची बहीण शेवटच्या घटकेला आहे, तो म्हणाला.

"मग बसलात कशाला, दोन्या?" आमच्याकडच्या रीतीनं बाईमाणसाला मान देत कासियानो म्हणाला. "आजारपण आणि मयत आम्ही अडवत नाही. माझा पुतण्या मोटारसायकलवर पलीकडे सोडेल तुम्हाला."

इलारियानं त्याच्याकडे पाहिलं. मोटारसायकलवर बसली असती तर ती जेवणाच्या आत बहिणीच्या दारात असती. ती म्हणाली, "मोटारसायकलची मला भीती वाटते, बाबा. दुपारपर्यंत उघडाल ना रस्ता?"

"ते वरून कोण बोलायला येतंय त्यावर आहे," कासियानो म्हणाला, आणि पुढच्या गाडीकडे गेला.

इलारिया मोय्येच्या झाडाखाली जाऊन बसली. गावच्या बायकांनी मोठ्या पातेल्यात शेंगदाण्याचं सूप शिजवलं होतं. रस्ता आम्ही अडवलाय तर उपाशी कसं ठेवायचं, असं म्हणत त्या उतारूंनाही वाडगे भरून देत होत्या. इलारियानं सूप प्यायलं, जवळचे मक्याचे उकडलेले दाणे खाल्ले, बायकांशी विहिरीबद्दल, कोंबड्यांच्या रोगाबद्दल, कुणाच्या सुनेबद्दल बोलली. एकदोनदा हसलीसुद्धा. सूप चांगलं झालं होतं, आणि ते चांगलं लागलं याची तिला नंतर सगळ्यात जास्त लाज वाटली.

ऊन चढलं. गाडीत मागच्या बाकावर देल्मिरा नावाची एक तरुण मुलगी बसून होती. पहिलटकरीण, पोट वर आलेलं. नवरा ऊसतोडीला सखल मुलखात गेलेला, म्हणून ती एकटीच पुढच्या गावच्या दवाखान्यात नाव घालायला निघाली होती. दिवस अजून भरले नव्हते, असं तिचं म्हणणं. ती खाली उतरली नव्हती, सूपही घेतलं नव्हतं. निकानोर पाण्याची बाटली घ्यायला गाडीत चढला आणि लगेच उतरला. त्याचा चेहरा पाहून इलारिया उठली. तिला काही विचारावं लागलं नाही.

आत जाऊन पाहिलं तर बाक ओला झाला होता. देल्मिरा पुढच्या बाकाची दांडी दोन्ही हातांनी धरून, दात आवळून, एक शब्द न बोलता कळा सोसत होती. केव्हापासून, तर म्हणाली, गाडी थांबली तेव्हापासून.

"आणि बोलली का नाहीस, बाई?" इलारियानं विचारलं.

"सगळे आधीच वैतागले होते, मावशी," देल्मिरा म्हणाली.

मग इलारियाचे हात कामाला लागले. तिनं निकानोरला हुसकून बाहेर काढलं, गावच्या दोन पोक्त बायकांना आत बोलावलं, पातेल्याखालच्या चुलीवर पाणी ठेवायला सांगितलं. खिडक्यांना घोंगड्या लावल्या. मोटारसायकलवरून दवाखान्यात नेण्याइतका वेळ उरला नव्हता, हे तिनं हात लावताक्षणी ओळखलं. मूल घाईत होतं आणि नाळेचा वेढा गळ्याभोवती होता. डोकं बाहेर आलं तेव्हा तिनं देल्मिराला थांब म्हटलं, जोर करू नकोस, श्वास सोड, कुत्र्यासारखी धाप टाक. एका बोटानं वेढा सैल केला आणि डोक्यावरून काढला. पोर निळसर आली. इलारियानं तिला पालथी घेतली, पाठ चोळली, तोंड पुसलं, आपल्या तोंडानं तिच्या नाकातोंडात फुंकर घातली. मग पोर रडली. आधी मांजराच्या पिलासारखी, मग चांगली खणखणीत.

इलारिया मला म्हणाली होती की तेवढ्या वेळात बहिणीची आठवण तिच्या मनाला शिवलीही नाही. वार पडली, पोर आईच्या छातीशी लावली, तिनं हात धुतले. तेव्हा ती आठवण परत आली, ती अंगावर धावूनच आली.

बाहेर कासियानोनं टोपी काढली होती. एका म्हातारीनं चिचेचे, मक्याच्या दारूचे, चार थेंब जमिनीवर शिंपडले. निकानोर गाडीला टेकून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आता समजलं रस्ता का बंद झाला," तो म्हणाला. "सकाळपासून मी शिव्या घालतोय. गाडी चालू असती तर ही कुठल्या तरी घाटात मोकळी झाली असती, कुणाला पत्ता लागला नसता. देवानं आपल्याला थांबवलं, दोन्या. आणि तुमचा गुडघा त्यानंच धरला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. इलारियानं मात्र मान खाली घातली.

बाळंतीण गाडीत आहे म्हटल्यावर दगड बाजूला झाले. कासियानोची माणसं ओंडका ढकलत होती आणि खिडकीतून पोरीला बघत होती. निकानोरनं गाडी हळूहळू हाकली. देल्मिराला दवाखान्यात पोचवून इलारिया तिपाकासाला आली तेव्हा उन्हं उतरली होती. बहिणीच्या दारावर काळं फडकं बांधलेलं होतं.

गुमेरसिंदा दुपार कलताच गेली होती. तिला धुऊन, तपकिरी वस्त्र नेसवून मेजावर ठेवली होती. चार बाजूंना मेणबत्त्या. आतानासियो कोपऱ्यात बसला होता. तो जेवणाच्या वेळेलाच पोचला होता, गुमेरसिंदाचा हात हातात घेऊन दोन शब्द बोलला होता. सेनोबियानं मावशीला पाहिलं, पण ती उठली नाही.

"रस्ता बंद होता," इलारिया म्हणाली.

"आतानासियोकाकांना नव्हता वाटतं," सेनोबिया म्हणाली.

बाळंतपणाची गोष्ट इलारियाच्या जिभेवर आली होती. पण तिनं ती गिळली. याच कारणावर तिनं आईचं शेवटचं वर्ष ढकललं होतं. आज तेच कारण पुन्हा या घरात, या मेजापाशी उभं राहून सांगायचं, हे तिच्यानं होईना. लोकांना ते खरं वाटलं असतं हेच तिला नको होतं. ती बहिणीच्या पायांशी बसली आणि बसून राहिली. हात मांडीवर नुसते पडले होते.

माती झाली. इलारिया परत गेली नाही. ती मागच्या अंगणात पडेल ते काम करायची, आल्यागेल्याला जेवायला वाढायची, प्रार्थनेला सगळ्यांच्या मागे बसायची. सेनोबिया तिच्याशी कामापुरतं बोलायची. तिनं कधी उणं काढलं नाही. तेच इलारियाला जास्त लागायचं.

आठवडा होत आला तेव्हा निकानोरची गाडी दारात थांबली. आतून देल्मिरा उतरली. पाठीवर आग्वायोच्या रंगीत शालीत बांधलेली पोर, हातात एक कोंबडी. सुईणीचे उपकार फेडायला ती आली होती. घरात मयत झाली आहे हे तिला दारातलं काळं फडकं पाहून कळलं. ती गांगरून उभी राहिली. मग निकानोरच बोलू लागला, आणि त्याला थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. रस्ता, नाळेचा वेढा, निळं पडलेलं पोर, फुंकर, सगळं त्यानं प्रार्थनेला जमलेल्या माणसांपुढं सांगितलं. प्रार्थना म्हणवणारे लेओन्सियोबाबा म्हणाले की देवाचे उशीर हे आपल्याला उशीर वाटतात, त्याच्याकडे सगळं वेळेवरच असतं. एक जीव त्यानं नेला आणि एक जीव मावशीच्या ओंजळीत ठेवला.

सेनोबियाचा बांध तेव्हा फुटला. इतके दिवस ती रडली नव्हती. तिनं मावशीच्या गळ्यात हात टाकले.

"तू सांगितलं का नाहीस?" ती म्हणत होती. "मी तुला काय काय समजत होते. देवानं तुला तिथं कामाला लावलं होतं, आणि तू एक शब्द बोलली नाहीस."

तिनं पोरीला मांडीवर घेतलं, तिच्या कपाळावर कपाळ टेकलं. त्या संध्याकाळी ती पहिल्यांदा पोटभर जेवली. इलारिया पाहत होती. भाचीच्या मनावरचा दगड उतरला होता, आणि तो उतरवायला एक अर्धी गोष्ट पुरली होती. उरलेली अर्धी गोष्ट सांगावी की सांगू नये, यावर इलारियानं रात्र काढली. गप्प राहिलं तर भाचीला बरं वाटणार होतं. पण ज्याच्यासाठी आपल्याला मान मिळतोय ते आपलं नाही, हे तिला माहीत होतं. आणि त्या मानाखाली बसून जेवायचं, म्हणजे बहिणीला पुन्हा एकदा फसवायचं, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी गुमेरसिंदाचे कपडे धुवायला दोघी नदीवर गेल्या. गेलेल्या माणसाचे कपडे धुऊन मगच आमच्याकडे पुढची वाट मोकळी होते. पाणी थंडगार होतं. इलारिया बहिणीचा निळा घेरदार परकर दगडावर घासत होती. मान वर न करता तिनं सांगायला सुरुवात केली.

गुडघा दुखत नव्हता, तिनं सांगितलं. मोटारसायकल मिळत होती. आतानासियोबरोबर चालत येता आलं असतं. ती सूप पीत बसली होती, बायकांशी हसत होती. देल्मिराला कळा येताहेत हे तिला माहीतही नव्हतं. पहाटेची पहिली गाडी मुद्दाम सोडली होती, तेही सांगितलं.

सेनोबियाचे हात पाण्यातच थांबले.

"का?" तिनं शेवटी विचारलं.

"तुझ्या आईच्या नजरेला नजर द्यायची भीती वाटत होती."

"म्हणजे देवानं तुला तिथं थांबवलं नव्हतं."

"मला कुणी थांबवलं नव्हतं," इलारिया म्हणाली. "मी लपून बसले होते. त्यानं मला तिथं गाठलं आणि हातात काम दिलं, एवढं मी मानते. ती पोर त्याची. पण लपणं माझं आहे, सेनोबिया. ते त्याच्या नावावर घालू नका."

सेनोबियानं परकर तिच्या हातातून घेतला आणि पिळला.

"आतानासियोकाकांनी आईला सांगितलं, रस्ता बंद आहे, इलारिया पलीकडे अडकलीय," सेनोबिया म्हणाली. "तर आई हसली. त्या दिवसात एकदाच हसली. म्हणाली, बरं झालं, इलारियाला एकदाचं खरं कारण मिळालं."

इलारिया पाण्यात उभीच राहिली.

"तिनं तुला माफ केलं का, मला माहीत नाही," सेनोबिया म्हणाली. "मी विचारलं नाही. ती हसली होती, एवढंच मला माहीत आहे. आणि तेही कारण खरं नव्हतं, हे तू आज मला सांगतेस. मी काय करू याचं?"

सेनोबियानं ओले कपडे गोळा केले, गाठोडं पाठीवर मारलं आणि पुढं चालू लागली. घरापर्यंत ती एकदाही मागं वळली नाही. मात्र फाटकाशी पोचल्यावर तिनं ते उघडं धरलं, इलारिया आत येईपर्यंत.

त्यानंतर इलारिया कोरीपात्याला परतली. बाळंतपणं पहिल्यासारखीच करू लागली. देल्मिरानं पोरीची धर्ममाता व्हा म्हणून निरोप पाठवला तेव्हा तिनं सेनोबियाचं नाव सुचवलं, आणि सेनोबिया हो म्हणाली. दोघींमध्ये फोन होत असे, तोही पोरीबद्दल. देव आणि तो रस्ता यांचा विषय दोघीही काढत नसत. इलारिया मला एकदा म्हणाली, त्या पोरीचं रडणं आठवलं की वाटतं त्यानं मला निवडलं, आणि लगेच त्या सुपाची चव तोंडात येते.

नोव्हेंबरात मृतांचा दिवस आला. त्या दिवशी दुपारी बारा वाजता गेलेली माणसं घरी येतात आणि एक दिवस राहून जातात. त्यांच्यासाठी मेज मांडायचं असतं. इलारियाच्या देखरेखीखाली तेव्हा एक पहिलटकरीण होती. तिला तिनं दवाखान्याच्या नर्सच्या स्वाधीन केलं आणि तीन दिवस आधीच तिपाकासाला गेली. सेनोबियाबरोबर पाव भाजले, बाळाच्या आकाराचे, आणि गेलेल्यांना उतरून यायला म्हणून शिडीच्या आकाराचे. ऊस उभे केले, चिचा ठेवली, शेंगदाण्याचं सूप शिजवलं. ते गुमेरसिंदाला फार आवडायचं, हे तिला सेनोबियाकडून कळलं. बहिणीला काय आवडतं ते ती विसरली होती.

सकाळपासून ती मेजाशेजारी, दाराकडे तोंड करून बसली. शेजारपाजारचे येऊन प्रार्थना म्हणून, पाव घेऊन जात होते. बाराचे टोल पडले, सगळे उठून उभे राहिले, पुन्हा बसले, हळूहळू पांगले. सेनोबिया तिच्यापाशी आली.

"मावशी, आली असेल ती. चल, दोन घास खाऊन घे. सकाळपासून बसलीयस."

"तू जेव," इलारिया म्हणाली. "तिला उशीर झाला असेल. मी आहे इथं."

सेनोबिया क्षणभर उभी राहिली. मग तिनं आतून दुसरी खुर्ची आणली आणि मावशीशेजारी टाकली.